पैलवानाचं औषध

प्रिय धाकट्या,

आधी बातमी सांगते, मग बाकीचं पुराण. बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि अगदी नीट झालं. काल त्यांना घरी आणलं. उशांना टेकून बसलेत आणि चहात साखर कमी पडली म्हणून माझ्यावर डाफरतायत, यावरून काय ते ओळख. माझा जीव भांड्यात पडला. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. त्या दिवसापासून तू या घराची पायरी चढला नाहीस, आणि बाबांनी तुझं नाव काढलं नाही. तुम्हा दोघांच्या मधे माझं मात्र भरीत झालं.

ऑपरेशन इतके दिवस का लांबणीवर पडलं, हे तुला ठाऊक नसेल. जन्मभर दारं-खिडक्यांच्या चौकटी उचलणारा सुतार, दुखणं अंगावर काढण्यात पटाईत. आतडं कधीही अडकेल, असं डॉक्टर बजावत होते. पण बाबांचं एकच पालुपद, ‘मी दवाखान्यात पडलो आणि इकडे सुरुंग उडाला, तर पैलवानाला कोण धरेल?’ टेकडीमागच्या खाणीत पहिला भोंगा वाजला की आपला हा दांडगा कुत्रा थरथर कापत रंध्याच्या बाकाखाली घुसायचा. एकदा दाराची फळी कुरतडून त्यानं तोंड रक्तबंबाळ करून घेतलं. मग बाबा कण्हत जमिनीवर बसायचे आणि त्याला पोटाशी धरून ठेवायचे. त्याच दुखऱ्या पोटाशी! मी ओरडायचे, तर मलाच गप्प करायचे.

तू ती गुंगीची गोळी आणलीस, तीही या हालांवर उपाय म्हणूनच ना? मला सगळं आठवतंय. गोळी दिल्यावर पैलवान जमिनीवर पसरला, सुरुंग उडाला तरी हलला नाही, आणि आपण दोघांनी हुश्श केलं. मग बाबांनी त्याच्या छातीवर हात ठेवला. काळीज धडाधड उडत होतं, डोळे टक्क उघडे, तोंडातून लाळेची धार. ‘जिवंतपणी याचं मढं केलंस,’ असं बाबा तुला म्हणाले, आणि तू चप्पल घालून निघून गेलास. रागाच्या भरात माणूस काय बोलेल याला धरबंद नसतो रे.

शेवटी मी पैलवानाला जनावरांच्या नव्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाबाही आले, तोंड फुगवून. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, ती गोळी पूर्वी सर्रास द्यायचे. तिनं अंग सुस्त पडतं, पण भीती आत जागीच राहते. देणाऱ्याचा त्यात काही दोष नाही. हे ऐकताना बाबा भिंतीवरच्या मांजरांच्या तक्त्याकडे बघत होते. मग बाईंनी एक वेगळं औषध दिलं, भीतीच उतरवणारं. मलमासारखं असतं, पिचकारीत भरलेलं. गाल आणि हिरडी यांच्यामधे लावायचं, हातमोजे घालून, आवाजाच्या तासभर आधी.

आता आपलं घर तुला माहीत आहे. आपल्याकडे औषध म्हणजे केळ्यात! तू आणि मी सगळे ताप, सगळे खोकले केळ्यातूनच गिळले. बाबांनी पैलवानाचं मलमही केळ्यात भरलं. त्यानं ते मटकावलं, शेपूट हलवली आणि भोंगा होताच बाकाखाली पसार. बाबा फोनवर बाईंना म्हणाले, ‘तुमचं औषध कुचकामी आहे.’ बाईंनी शांतपणे विचारलं, ‘दिलंत कसं?’ मग त्यांनी समजावलं, की ते हिरडीतूनच अंगात भिनतं, पोटात गेलं तर वायाच जातं. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर हसले.

पण तासभर आधी कळणार कसं? भोंगा तर सुरुंगाच्या तोंडावर वाजतो. तेव्हा बाबा काठी टेकत थेट खाणीवर गेले, ज्या मुकादमाला वर्षानुवर्षं शिव्या घातल्या त्याच्याकडेच. मी म्हटलं, आता जुंपणार. तर तो मुकादम म्हणतो कसा, ‘अहो काका, आधी सांगायचं नाही का? माझी मांजर स्टोव्हचा भडका झाला तरी माळ्यावर पळते.’ तेव्हापासून तो, सुरुंगाची भोकं दारूनं भरायला घेतली की, आधी आपल्याकडे फोन करतो. कामाचा माणूस निघाला.

पहिल्यांदा सगळं नीट जमलं, त्या दिवशी मी मुद्दाम सुट्टी घेतली होती. बाबांनी हातमोजे चढवले, ओठ उचलला, मलम लावलं. भोंगा वाजला. पैलवानानं कान टवकारले, आमच्याकडे बघितलं. सुरुंग उडाला, कपाटातल्या बशा वाजल्या. तो उठला, एक गिरकी घेतली आणि बाबांच्या पायांवर हनुवटी टेकून पडला. बाबांनी त्याच्या छातीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मला वाटलं, काही बिनसलं. तर म्हातारा ढसाढसा रडत होता. डोळे पुसून म्हणाले, ‘विचार त्या डॉक्टरला, मला कधी कापायचं ते.’

आता हे पत्र का, ते लिहिते. बाबांना काही आठवडे वाकायची सक्त मनाई आहे आणि खाणीत पुढच्या पंधरवड्यात मोठं काम निघतंय. माझ्या हातात पिचकारी ठरत नाही, अर्धं मलम पैलवानाच्या मिशांना. आज सकाळी बाबांनी मला जवळ बोलावलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘धाकट्याला लिही. कुत्र्याचं औषध लावायला माणूस नाही. त्याचा हात स्थिर आहे. तेवढ्यासाठी ये म्हणावं.’ मी कागद घेऊन बसले. हे सगळं निम्मंअर्धं लिहून झालं असेल, तेवढ्यात आतून हाक आली. गेले. म्हणाले, ‘ते कुत्र्याचं खोडून टाक. माझं चुकलं म्हणून लिही. मला त्याला बघायचंय.’ मी काहीच खोडलेलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ये.

तुझीच,
वाट बघून दमलेली ताई