दारामागची उरलेली बुरशी

ठमे,

दुपारच्या गाडीने परत निघालेय. चावी शेजारच्या मावशींकडे ठेवलीय.

बाथरूमच्या भिंतीवरची बुरशी तू अभ्यासासाठी वाढू देत होतीस, हे ठाऊक असतं तर मी ब्रश हातात घेतलाच नसता. भोवतीच्या पेन्सिलीच्या खुणा मला आधीच्या भाडेकरूंच्या पोरांचे उद्योग वाटले. पण बयो, एवढी मोलाची होती तर सांगायचं तरी! लेकीचं घर लख्ख करायच्या नादात तुझं वर्षभराचं काम घासून टाकलं मी. सकाळी न बोलता गेलीस, तुझं काही चुकलं नाही.

दारामागे थोडी उरलीय. तिच्यावर पाणी शिंपडून ठेवलंय.

तूच म्हणाली होतीस ना, पाहुणा गेला तरी त्याचे जंतू चार दिवस घरात राहतात? माझ्या उशीचा अभ्रा एवढ्यात धुऊ नकोस.

आई