सहामाही अभिप्रायातलं एक वाक्य

प्रिय मारिसोल,

फोनवर माझी जीभ रेटणार नाही, म्हणून लिहितेय. उद्या सकाळी दहाला तू आपल्या साहेबिणीपुढे, ग्रेचेनपुढे बसशील. त्याआधी हे वाच.

या माउंटन व्ह्यू गावाचा मला वीट आलाय गं. परवा शेजारच्या पोराच्या पाचव्या वाढदिवसाला गेले होते. केक कापायच्या आधीच एका बापाने विचारलं, कंपनीत कितव्या पायरीवर आहेस? पाचवी म्हटल्यावर तो माझ्या खांद्यावरून मागे कोण उभं आहे ते बघायला लागला. मेल्याच्या तोंडावर केक फेकावासा वाटला. आणि मी काय केलं? लगेच म्हणाले, 'सहावीवर जातेय याच महिन्यात.' स्वतःचीच शिसारी आली.

अभिप्रायांचे दिवस आले की ऑफिसातला आपला मजला कसा गोडगोड होतो, तुला ठाऊक आहे. नाव न घालता एकमेकांबद्दल लिहायचं, आणि त्यावरून कोण वर, कोण घरी, ते ठरणार. नुसतं कौतुक केलं तर लिहिणारीला पारख नाही म्हणतात. म्हणून जो तो एखादा दोष उकरून काढतो.

काल तू तुझ्या अभिप्रायाचा कागद माझ्यापुढे धरलास. 'इतरांच्या कामात रमते, स्वतःचं काही उभं करत नाही.' एवढ्या एका वाक्यावर तुझं नाव नोकरीवरून काढायच्या यादीत गेलं. तू म्हणालीस, "हे वेंडेलचंच काम. शेजारी बसून हसतो आणि मागून गळा कापतो." मी मान डोलावली. हो म्हणून डोलावली, मारिसोल. तू त्याच्याशी बोलेनाशी झालीस, तर तो बिचारा आज दिवसभर मला विचारत होता, आपलं काय चुकलं म्हणून. आणि उद्या तू त्याचंच नाव घेणार आहेस.

ते वाक्य माझं आहे. बढतीची जागा एकच होती, आणि तुझं नुसतं चांगलं लिहिलं तर मी भाबडी ठरेन, अशी भीती वाटली. गावी, बॉइझीला, माझी आई शेवटच्या दुखण्यात होती, ते तीन महिने माझं काम तू ओढलंस आणि कुणाला कळू दिलं नाहीस. ते इतरांचं काम म्हणजे माझं काम. आज दुपारी ग्रेचेनला हे सगळं लेखी दिलंय, त्या तीन महिन्यांसकट. ती म्हणाली, "यादी वर गेलीय. बघते." तुझी नोकरी वाचेलच असं नाही. माझी बहुधा जाईल. पण उद्या वेंडेलचं नाव घेऊ नकोस. माझं घे.

अजून म्हणू देशील तर, तुझीच
नोरीन