मंडळाची भांडी

२ मार्च

महाडला आले! पोलादपूरवरून यष्टीत खिडकी मिळाली. डेपोवर अश्विनदादा घ्यायला आलेला. पिशवी हातातून घेतली आनि सगळ्यांसमोर म्हनाला, आली का गो माझी बोलकी! मी बोलत नाय म्हनून तो लहानपनापासून असंच चिडवतो. मला लाज वाटली, पन बरं वाटलं.

अनुष्कावयनीचे दिवस भरत आलेत. मी नववीतून शाळा सोडलेली, घरीच व्हते. आई म्हनाली, जा, तिच्या हाताखाली राहा. शाळेची उरलेली वही घेऊन आले.

दादाच्या दोन खोल्या हायत, तळ्यापासून चालत दहा मिनिटं. आतल्या खोलीत मंडळाची भांडी. टोप, पराती, झारे, सगळं गोणपाटात बांधून भिंतीला लावलंय. वीस मार्चला चवदार तळ्यावर बाहेरगावची मानसं येतात, त्यांचं जेवन आमचं मंडळ ह्याच टोपांत शिजवतं. दरवर्षी भांडी एकाच्या घरी ठेवतात. ज्याच्या घरी, त्याचा मान. यंदा मान दादाचा. झोपताना मी त्या गोण्यांकडं बघत बसले.

५ मार्च

दादा बारीक झालाय. जेवत नाय, ताट पुढं घेऊन नुसते दात चावतो, कराकरा आवाज येतो. वयनी म्हनते, कंपनीतल्या गॅसनं तसं होतं.

पंख्याच्या जागी नुसता हूक हाय. पंखा रिपेरीला गेलाय म्हने. मिक्सर पन. टीव्ही पन. मी विचारलं, सगळंच कसं बिघडलं? वयनी हसली, म्हनाली, तुझ्या दादालाच रिपेरीला टाकायला पायजे. मी पन हसले.

समोरच्या काशीबाईंना वाटीभर कालवन दिलं. वाटी परत आली ती रिकामी. आमच्या वाडीत कोन वाटी रिकामी परत देत नाय, निदान गुळाचा खडा तरी टाकतात. त्या दारातूनच गेल्या. आत आल्या नाय.

८ मार्च

मंडळाचे प्रवीणभाऊ भांडी बघायला आले. दादा घरात नव्हता. गोण्या सोडून बघितल्या तर त्या घरावर संशय घेतल्यासारखं होतं, म्हनून कोन सोडत नाय. त्यांनी मला एक उचलून बघ म्हनून सांगितलं. जड लागली. सगळं हाय ना गो, असं विचारलं. मी मान हलवली.

भांडी पूर्न हायत म्हनून रजिस्टरवर घरच्याची सही पायजे व्हती. वयनी म्हनाली, माझी बोटं सुजलीत, आम्रपाली करल. मी पूर्न नाव लिहिलं. माझी सही पहिल्यांदाच कोनाच्यातरी कामाला आली.

११ मार्च

वयनी माहेरी गेली, बिरवाडीला. बाळंतपनाला म्हनून. पन सगळ्या साड्या नेल्या, लग्नाचा फोटो पन नेला. रिक्षात बसताना माझा हात धरला आनि म्हनाली, तू रक्ताची हायस, तुझ्यावर तो हात नाय उचलनार.

असं का म्हनाली?

१२ मार्च

दुपारी दादा आतल्या खोलीत चमच्यानी भिंत खरवडत व्हता. तीन दिवस झोपला नाय. भिंतीला कान लावतो, मग खरवडतो. मी चहा ठेवला तर हळूच म्हनाला, तिकडं मानसं बसलीत.

त्याचा दोस्त सुहास दारात आलेला. मी नवीन हाय हे बघून आधी आत डोकावला, मग हळूच बोलला. दादाला कंपनीनं दिवाळीतच काढलाय. पावडर घेतो. सगळ्या आळीला म्हाईत हाय, तुलाच नाय सांगितलं का कोनी?

पंखा रिपेरीला नाय गेला. मिक्सर पन नाय.

१५ मार्च

गोणी सोडली.

दगड. नदीतले गोटे, फडक्यात गुंडाळलेले, वाजू नये म्हनून. दुसरी सोडली. तिसरी सोडली. सगळ्यांत दगड.

आईला फोन लावला. दगडांचं सांगितलं, तर ती दचकली पन नाय. मी म्हनाले, आई, तुला ठाव व्हतं? म्हनाली, बायकोला मारतो तो, पन तुझ्यावर जीव हाय त्याचा. म्हटलं पाठची बहीन डोळ्यासमोर असली म्हंजे त्याला लाज वाटल.

म्हंजे मी वयनीच्या हाताखाली आलेच नव्हते. मी तिच्या जागी आले.

१६ मार्च

भिंतीतलं भोक आता ताटाएवढं झालंय. दादा त्यात तोंड घालून बोलतो. बाहेर काढलं की तोंड पांढरं, पापन्या पन पांढऱ्या. मोबाईल घेतला माझा. म्हनतो भिंतीमागून तुझाच आवाज येतो, तू त्यांना सगळं सांगतेस.

मी काय बोलतच नाय. दिवसभर एक शब्द नाय बोलले—

तरी म्हनतो येतो.

१७ मार्च

मंडळ भांडी न्यायला आलं. गोण्या सोडल्या.

दादा रडला. खरंखुरं रडला, डोळ्यांतून पानी. म्हनाला माझीच बहीन, काय सांगू तुमाला, मी कामावर असताना भंगारवाल्याला—

कामावर!

प्रवीणभाऊंनी रजिस्टर उघडलं. माझी सही. काशीबाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांना खरं काय ते ठाव हाय, मला दिसलं ते. मग त्यांनी खाली बघितलं. सुहास पन व्हता. तो चपलेकडं बघत उभा.

पोलीस नको म्हनाले. तळ्याचा दिवस आलाय, मंडळाची अब्रू. पोरीनं लिहून द्यावं आनि गावाला जावं. उद्या कागद न्यायला येतात.

प्रवीणभाऊंच्या फोनवर आई. सगळ्यांसमोर. म्हनाली, लिहून दे गो. तो बाप होनार हाय. तुझी ना शाळा, ना नोकरी, तुझं काय जानार हाय?

१८ मार्च

दुपार. कडी आतून लावलीय. दादा दाराला पाठ लावून बसलाय. चमचा हातात. घासून घासून टोक आलंय त्याला.

बाहेर काशीबाईंची भांडी घासल्याचा आवाज. एवढ्या जवळ. हाक मारली तर—

कोन येनार हाय.

दादा गोड बोलतोय. डेपोवर बोलला तसा. लिही गो, मी सांगतो तसं लिही, मग सोडतो. भोकाकडं बघतो आनि मान हलवतो, तिकडून कोन विचारतंय तसं. लिहितेय ती, लिहितेय, असं भिंतीला सांगतो.

सरकत जवळ आला. वहीवर सावली पडलीय. सांगतोय तसं लिहिते.

मी आम्रपाली, राहनार पोलादपूर, लिहून देते की मंडळाची भांडी मी

मी नाय

मी नाय विकली मी ना—