नाव पाण्यात घालण्याआधी

३ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की तू मला लिहायला बसतेस आणि कोणी चष्मा दाखवायला आलं की वाक्य मध्येच सोडून उठतेस, हे मी ओळखलंय. मागच्या पत्रात 'तुझ्या आईला सांग की' एवढंच लिहून पुढे हवामानच आहे. काय सांगू ते कळव.

इकडे आम्ही नाव बांधतोय. आईच्या शाळेतले सगळे मिळून. सुतारकाका शिकवतात. फळी वाफेवर धरून वाकवायची, फटीत काथ्या ठोकून बसवायचा, वरून डांबर. पुस्तक नाही, परीक्षा नाही, घंटासुद्धा नाही. गावातल्या शाळेतली मुलं कुंपणापाशी उभी राहून आमच्याकडे बघतात. त्यांना वाटतं, आमची मजाच मजा आहे.

मावशी, मला इथून बाहेर पडायचंय. लिहून टाकलं एकदाचं.

शाळा वाईट नाही. सुतारकाका तर फार चांगले आहेत, पटाशीने लाकूड कोरणं माझ्यापेक्षा वर्गातल्या टिंग्याला जास्त जमतं हेही ते हळूच सांगतात. पण मी विचारलं की ही नाव पाण्यात घातल्यावर किती बुडेल ते आधी कसं कळतं, तर ते म्हणतात नजरेने. आणि आई म्हणते, घालून बघू की! मला घालून बघायचं नाही. मला घालायच्या आधी कळायला हवंय. एवढं साधं इथे कुणाला समजत नाही.

शिवाय शाळा कुठे संपते तेच कळत नाही. आमची राहायची खोली शाळा भरते त्या गोदामाला लागून, मधे दार नाही, नुसता पडदा. उशीलासुद्धा सरसाचा वास. दिवसभर आईला बाई म्हणायचं आणि जेवताना आई. कोणी पालक शाळा बघायला आले की बाई मला बोलावतात आणि माझे तळवे उलटे करून दाखवतात, बघा कसे हात तयार झालेत ते. मी हसते. हसावंच लागतं.

हे आईला कळवू नकोस. माझ्यावरचा तुझा जीव आहे तसाच राहू दे.

तुझी,
भिंगरी


१२ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

आज दुकान बंद ठेवून लिहायला बसले आहे, म्हणजे वाक्यं पुरी होतील. तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

तुझ्या आईची एक गोष्ट तुला कोणी सांगितलेली दिसत नाही. तुझ्याएवढी असताना ती वर्गात नापास झाली. अक्षरं तिच्यापुढे एका जागी थांबायचीच नाहीत. आमच्या बाबांनी तिला मागच्या खोलीत बसवलं, बाहेरून कडी घातली आणि धडे उतरवून काढायला लावले. असं जवळजवळ वर्षभर चाललं. मी दाराशी जाऊन तिला हळूच हाक मारायचे. त्या खोलीत एक बंद पडलेलं घड्याळ होतं. तिने ते कंगव्याच्या दाताने उघडलं आणि चालू केलं. बाबांना त्याचं काहीच कौतुक वाटलं नाही. त्या खोलीतून निघाल्यापासून तुझी आई ही शाळा काढायच्या मागे होती. तेव्हा तिच्यावर चिडताना एवढं ध्यानात ठेव.

आता तुझ्याबद्दल. सोबत माझं जुनं पदार्थविज्ञानाचं पुस्तक पाठवते आहे. वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, त्या पाण्याच्या वजनाएवढा भार ती पेलते, हा धडा आधी वाच. मीसुद्धा काच घासायच्या आधी कागदावर हिशेब करते, नाहीतर निम्म्या गावाला विहिरीत उतरवलं असतं. म्हणजे तुझी ही खोड आमच्याच घराण्यातली आहे, घाबरू नकोस.

माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे आणि दोन गल्ल्या सोडून बरी शाळा आहे. तू ये, मी आनंदाने ठेवून घेईन. पण आईशी तू स्वतः बोल. मी तिची मुलगी पळवली असं व्हायला नको. मला एकच बहीण आहे, आणि तीही चिडकी.

जेवणात टंगळमंगळ करू नकोस. पत्राची वाट पाहते आणि तुझीही.

तुझी,
मावशी


३० ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पुस्तक मिळालं. सरपणाच्या खोलीत बसून वाचते. दोनदा टिंग्याने पकडलं, पण तो सांगणारा नाही.

आईशी बोलायचं ठरवून मी रविवारी तिच्यामागे किती वेळ घुटमळले. ती भांडी घासत होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात एक नवे पालक आले, आपल्या मुलाला इथे घालावं की नाही अशा विचारात असलेले. गोदामाच्या मालकाने आईला बजावलंय की मुलं वाढली नाहीत तर तो जागा परत घेणार. त्या पालकांनी विचारलं, पुढे मुलांचं काय होणार? आईने ओल्या हातानेच मला जवळ ओढलं आणि म्हणाली की माझी स्वतःची मुलगी इथेच आहे, याहून मोठी खात्री मी कोणती देऊ?

मावशी, यावर मी काय बोलणार? मी गेले तर शाळाच जाईल. मला कोणी कोंडलेलं नाही, कडी नाही, काही नाही, आणि तरी हलता येत नाही. सगळे मोकळ्या मनाने हसत असतात, म्हणून तर आणखी गुदमरायला होतं.

आणि आता दुसरंच संकट आलंय. मी नावेचा हिशेब केला. लांबी, रुंदी, फळ्यांचं वजन, मग धान्याच्या काट्यावर सगळ्यांना खेळ म्हणून उभं करून त्यांची वजनं. तीन वेळा पडताळून पाहिलं. सगळे एकदम बसले तर नावेचा काठ जेमतेम पाण्याच्या वर राहतो. कोणी कलंडलं की पाणी आत. आणि नाव पाण्यात घालायच्या दिवशी पालकांना बोलावून आई सगळ्यांनाच नावेत बसवणार आहे, सुतारकाकांसकट!

मी आईला सांगितलं. आकडे सांगायला लागले तसा तिचा चेहरा कसातरीच झाला. मग तिने हसून माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, करून बघू. सुतारकाका म्हणाले, इतकी वर्षं नावा बांधल्या, एकही बुडाली नाही. पण त्यांच्या नावांत दोन माणसं आणि मासे असायचे.

माझा हिशेब चुकलेला असावा असं रोज वाटतं. चुकलेला नाही.

तुझी,
भिंगरी


२५ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी पत्र लिहिते आहे म्हणजे काहीतरी घडलंय हे तू ओळखशीलच. हे लिहायला आठवडा लागला. चुका असतील, तू मनातल्या मनात सुधारून घे.

नाव पाण्यात घालायच्या दिवशी सगळे पालक काठावर उभे होते. मुलं रांगेने बसायला लागली. भिंगरी उभीच. मी म्हटलं चल. ती नाही म्हणाली. मी सगळ्यांदेखत तिला रागावले, कधी नव्हे ते. तेव्हा ती मोठ्याने म्हणाली की नाव बुडेल, बाई, कोणालाच बसवू नका. एका आईने पुढे होऊन आपल्या मुलाला दंडाला धरून बाहेर काढलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

सुतारकाका शांतपणे म्हणाले, बाई, पोरं उतरवा, आधी रेती भरू. मग पोती भरली. ज्याच्या वजनाचं पोतं त्याच्या जागी. भिंगरी नुसती वजनं सांगत होती, सगळी तोंडपाठ. शेवटची पोती ठेवताना नाव जराशी कलली तसं काठावरून पाणी आत आलं आणि नाव दमलेल्या म्हशीसारखी खाली बसली. पोरांनी वर्षभर खपून केलेली नाव. टिंग्या रडला.

एक वडील मला म्हणाले, तुम्ही स्वतःच्या मुलीचं ऐकलं नाही, आमच्यांचं काय ऐकणार? ते आपल्या दोन्ही मुलांना घेऊन गेले. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. आणखीही एका घरातली मुलं गेली. गोदाम सोडावं लागणार. उरलेल्या मुलांना सुतारकाकांच्या अंगणात बसवीन म्हणते.

संध्याकाळी भिंगरीने सगळं सांगून टाकलं. ती गेलं वर्षभर जायचं म्हणत होती, मनातल्या मनात. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, तू सगळ्यांना सांगतेस ना, माझी मुलगी इथेच आहे म्हणून.

ताई, महिन्यापूर्वी ती मला आकडे सांगायला आली तेव्हा मला ती मागची खोलीच दिसायला लागली होती. म्हणून मी हसले. बाबांनी मला दार लावून बसवलं. मी हिला दार न लावता बसवलं.

पुढच्या महिन्यात तिला घेऊन येते. मी दोन दिवस राहीन, मग मात्र मला हाकलून दे, नाहीतर माझा पाय निघायचा नाही. तिच्याइतकीच मलाही सांभाळून घे.

तुझी,
धाकटी


९ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तू गेल्यावर मावशी दुकानात दिवसभर चुकीच्या डब्यात चष्मे ठेवत होती. मला कळू नये म्हणून गिऱ्हाइकांवरच चिडत होती.

मी मुद्दाम मोठं आणि सुटं अक्षर काढते आहे. घाईने वाचू नकोस.

इथली शाळा कशी आहे ते खरं सांगते. बाक अरुंद आहेत, खिडक्या उंच आहेत, आणि घंटा इतक्या वेळा होते की विचार अर्ध्यावर तुटतो. काल मी गणिताच्या सरांना विचारलं की हे सूत्र मुळात आलं कुठून. ते म्हणाले, ते परीक्षेला नाही, बस खाली. मला इतकं हसू आलं! तुमच्याकडे विचारलं की करून बघ, इथे विचारलं की परीक्षेला नाही. सरांना हसण्याचं कारण कळलं नाही आणि मी अर्धा तास वर्गाबाहेर. टिंग्याला सांग, त्याला आवडेल. अंगणातली शाळा कशी चाललीय तेही त्याला लिहायला सांग.

परत येते असं मी म्हणत नाहीये. रागही नाही. शाळा माझ्यामुळे गेली असं मात्र रोज झोपताना वाटतं. तसं नाही असं तू निघताना म्हणालीस, पण तेव्हा तू माझ्याकडे बघत नव्हतीस.

आज सुट्टी होती. मागच्या खोलीत दार लोटून मी एकच गणित घेऊन बसले, दुपारभर. सुटलं नाही. तरी फार बरं वाटलं, कारण कोणी आलं नाही, कोणी काही दाखवायला सांगितलं नाही. मग उजेड कमी झाला, मावशी खाली दुकानात होती, आणि एकदम वाटलं की कोणीतरी आत येऊन विचारावं, काय करत होतीस गं एवढा वेळ.

तू विचार. तुला कळलं नाही तरी चालेल, मी पुन्हा सांगेन.

तुझी,
भिंगरी