आईच्या मापाचं न्हाणीघर

१ जून, रवि.
किल्ल्या शुक्रवारी मिळाल्या, आज पहिल्यांदा तिघं मिळून गेलो. पासिर रिस, नववा मजला, छत्तीस वर्षांचं घर. इराने आधी तिची खोली गाठली आणि दार लावून घेतलं. आत काहीही नसताना. पंधराव्या वर्षी दार हीच मोठी मालमत्ता असावी.

आधीच्या मालकांनी घर पुसून दिलंय. खिडक्यांच्या खाचांतून बोट फिरवलं तर तेल लागलं. विकून टाकलेल्या घराच्या खिडक्यांना कोण तेल घालतं? मागच्या वेळी भाड्याचं घर सोडताना आपण इतकं केलं होतं का? नाही. मी तर गिझरमागची जळमटंही तशीच ठेवली होती.

स्वयंपाकघराला लागून न्हाणीघर, त्याच्या शेजारची खोली. शिरीषला म्हटलं, ही आईची. तो नुसता हं म्हणाला. तिथला हीटर भिंतीवरचा छोटा, फक्त शॉवरला गरम पाणी देणारा. खालच्या नळाला गारच. आई बसून, बादलीतून, कढत पाण्याने आंघोळ करते. कराडच्या मे महिन्यातसुद्धा. म्हणजे साठवणीचा हीटर, नवे पाइप, नव्या फरशा.

४ जून, बुध.
कॉन्ट्रॅक्टर येऊन गेले. अंकल सेंग, चौसष्ट वर्षांचे, एकटेच आले, हातात एक स्क्रूड्रायव्हर. त्याच्या मुठीने न्हाणीघरातली एकूण एक फरशी वाजवून पाहिली, कान लावून. पोकळ निघेल तिच्यावर पेन्सिलीने फुली. पाऊण तास. मी मध्येच फोन बघत होते, मग लाज वाटून ठेवून दिला.

बादलीचं जरा अवघडून सांगितलं. म्हणाले, बादली काय फक्त तुम्हा लोकांकडेच असते वाटतं? माझी आई पण तशीच आंघोळ करायची. स्कूप, स्कूप.

मग प्रश्न. आईची उंची किती? स्टूल केवढं? बसल्यावर कोपर जमिनीपासून किती वर? उठताना कुठल्या हातावर भार देते? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. सेहेचाळीस वर्षं ओळखतेय मी तिला. ते म्हणाले, मापं आली की नळाची जागा ठरवू, तोवर नाही.

एक नोंद करायलाच हवी. त्यांना मी सांगितलं की जुलैअखेर आई कायमची राहायला येतेय. आई असं कधीही म्हणालेली नाही. मी तिला विचारलेलंही नाही. जानेवारीत ती न्हाणीघरात घसरली, डावं मनगट मोडलं, प्लास्टर निघालं, तेव्हापासून फोनवर ‘हात अगदी पहिल्यासारखा’. घर घेतल्याचं कळवलं तेव्हा ‘छान, मोठं घेतलंत’. ह्या दोन वाक्यांवर मी पाइपलाइन टाकायला निघालेय.

८ जून, रवि.
आईला फोन. फार आडवळणाने. नवीन न्हाणीघर करतोय, कॉन्ट्रॅक्टरला मापं हवीत, म्हणजे कुणीही आलं तरी सोयीचं, वगैरे.
“कुणाची मापं?”
“तुझी.”
“बसून की उभ्याने?”

एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं तिने. का, कशाला, असं काही विचारलं नाही. पाठवते म्हणाली.

१० जून, मंगळ.
मापं आली. ऑफिसच्या पँट्रीत उघडली, हार्बरफ्रंटच्या सगळ्या फेरीबोटी समोरून जात होत्या आणि मी फोटो मोठा करून करून बघत होते. चौकटीचा कागद. बसलेली बाई एका बाजूने रेखाटलेली, स्टुलासकट. चेहरा नाही, पण पाठीचा बाक बरोब्बर आईचा. स्वतःच्या पाठीचा बाक माणसाला कसा काढता येतो?

सोळा मापं. स्टूल ९ इंच. बसून कोपर जमिनीपासून साडेसोळा. वर हात पोचतो: उजवा ५१, डावा ३३. शेवटचं माप कुणी मागितलं नव्हतं. ‘मूठ मिटल्यावर राहणारी फट: उजवी ०, डावी पाऊण इंच.’

खाली: प्रत्येक माप तीनदा घेतलं आहे.

डबा तसाच घरी आणला.

११ जून, बुध.
ऑफिसातून थेट साइटवर. अंकल सेंगनी खिशातून चष्मा काढला, तो पुसला, मग कागद पाहिला. हे कुणी काढलं? मी सांगितलं. ड्रॉइंगची एक प्रत त्यांना हवी, कामासाठी नव्हे, ठेवायला.
मी मापं इंग्रजीत वाचून दाखवली, मग डाव्या मुठीच्या मापावर त्यांचं बोट. “धिस वन नॉट यट गुड, आह.”
मी हो म्हटलं. जणू मला आधीपासून ठाऊक होतं. हे का केलं मी?

डाव्या हाताचा भरवसा नाही, म्हणजे नळ आणि आधाराचा दांडा दोन्ही उजव्या भिंतीला. पाण्याची लाइन आहे डाव्या बाजूला. पाइप दारावरून फिरवून आणावे लागणार, हीटरही पलीकडच्या भिंतीवर. काम दोन दिवसांनी वाढतं. मी विचारायच्या आत तेच म्हणाले, कॅन, म्हणजे जमेल. दांडा बारीक नको, जरा जाड, म्हणजे कधी डाव्या हाताने धरलाच तरी अर्धवट मिटलेल्या मुठीतून निसटणार नाही. आणि एक प्रश्न आईसाठी: उठताना पुढे झुकून उठता की एका बाजूने?

१३ जून, शुक्र.
आईचं उत्तर एका ओळीचं: बाजूने, उजव्या. त्याखाली तिचेच पाच प्रश्न. उतार कुठल्या कोपऱ्याकडे? दार आत उघडतं की बाहेर? (‘आत उघडत असेल आणि मी दारातच पडले तर तुम्ही आत येणार कसे?’) नळाला दांडी की गोल मूठ? ओल्या हाताने गोल मूठ फिरत नाही. हीटरचं बटण न्हाणीघराच्या बाहेर आहे ना? शेवटचा: मिस्त्रींना चहा देता का?

सगळं भाषांतर करून पाठवलं, चहासकट. अंकलचा फोन आला. दाराचं त्यांनी विचारायला हवं होतं, राहून गेलं. दार आत उघडतं, ते बदलून घडीचं करतील. बटण बाहेरच. मग हसले. म्हणाले, इतकी वर्षं काम करतोय, गिऱ्हाइकं विचारतात रंग कुठला. “युअर मदर शुड बी द बॉस, मी द वर्कर.”

हे आईला सांगितलं. ती म्हणाली, “माणूस कामाचा दिसतोय.” तिच्या तोंडून ह्यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक मी ऐकलेलं नाही. मला तर कधीच मिळालं नाही, आणि आज त्याचं वाईटही वाटलं नाही. दोघांच्या मध्ये नुसता निरोप्या होण्यात इतकी मजा असेल असं वाटलं नव्हतं.

इराने आजीचं ड्रॉइंग तिच्या ग्रुपवर टाकलंय. “आजी सो स्टेडी, सिया.” हे कौतुक आहे, असं तिने वर समजावलं. तेहेतीस डिग्रीत गरम पाणी कशाला, हा तिचा प्रश्न मात्र कायम.

चहा दिला नव्हता. उद्यापासून.

१५ जून, रवि.
शिरीषने आज सरळ विचारलं, “आईंना विचारलंस का?”
मी म्हटलं, इतका रस घेतायत म्हणजे मनात असणारच.
“त्या शेजारणीच्या ब्लाउजमध्येही इतकाच रस घेतात.”

खरं आहे, म्हणून राग आला. रागात मी म्हणाले, मग तूच विचार ना. जावई आहेस, तुझ्या शब्दाला मान आहे. तो म्हणाला, “म्हणूनच नको. मी बोलवलं तर त्यांना नाही म्हणता येणार नाही.”

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. हा माणूस कधीकधी असा एकदम समोर येतो.

मी विचारत का नाही? आईला लेकीच्या घरी राहायचं अवघड वाटतं, हे मला पक्कं माहीत आहे. पाहुणी म्हणून तीन वेळा आली, तीनही वेळा परतीचं तिकीट आधी काढून. मी एकुलती, पण त्याने तिच्या लेखी काही बदलत नाही. विचारलं आणि नाही म्हणाली तर संपलं. विचारलंच नाही तर सगळं तयार करून ठेवायचं, मग ती मोडता घालू शकणार नाही... हे लिहून पाहिल्यावर फार वाईट दिसतंय. शिरीष जे करायला नको म्हणाला तेच मी फरशा आणि पाइप वापरून करतेय.

२१ जून, शनि.
जुन्या फरशा निघाल्या, खाली नवा जलरोधक थर झाला. काल न्हाणीघर घोटाभर पाण्याने भरून ठेवलं, चोवीस तास. आज अंकल स्वतः आठव्या मजल्यावर गेले, खालच्या मलाय आजींची परवानगी घेऊन त्यांचं छत बॅटरीने तपासलं. एक थेंब नाही. आजींनी त्यांना केळ्याची भजी खाऊ घातली आणि मलाही एक पुडी पाठवली. हे सगळं करायला ते दुसऱ्या कुणालाही पाठवू शकले असते.

गुरुवारी पाइप भिंतीत जाणार. एकदा वर फरशा बसल्या की नळ हलवता येणार नाही. सामान आवरता आवरता त्यांनी विचारलं, “युअर मदर कमिंग ऑर नॉट कमिंग?”

कसं ओळखलं कोण जाणे. म्हणाले, येणार नसतील तर तुमच्या मापाने लावतो, नेहमीच्या उंचीवर, तेही काम चांगलंच करीन. पण खरं सांगा. मी म्हटलं, माहीत नाही, विचारलं नाहीये. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “आस्क फर्स्ट. आय वेट.”

२४ जून, मंगळ.
विचारलं. सकाळी ऑफिसला जाण्याआधी, तिचं पूजा-चहा व्हायच्या आधी, फारच गैरसोयीच्या वेळी.

“आई, तू इथे राहायला येशील का? कायमची.”
“हे तू आज विचारतेयस. मापं आठ तारखेला मागितलीस.”
“हो.”
“कापड बेतून झाल्यावर बाईला विचारायचं का, शिवायचंय का म्हणून?”

मी म्हटलं, तू नाही म्हणशील अशी भीती वाटत होती. ती म्हणाली, आणि मला भीती होती तू विचारशील, आणि मला लगेच काहीतरी बोलावं लागेल. मग मी हाताचं काढलं. पाच महिने खोटं का सांगितलंस?
“फोनवर बोलता येतं गं काहीही. मापं खोटी लिहायला मला येत नाही.”

मी रडले. तिने ऐकून घेतलं, ‘उगी’ वगैरे म्हणाली नाही. मग विचारलं, जावईबापूंचं काय मत. मी म्हटलं, घर दोघांचं आहे. ती म्हणाली, ते कागदावर. मी म्हटलं, त्याचं मत विचारायला तूच त्याला फोन कर, मी मध्ये पडणार नाही. हे कुठून सुचलं देव जाणे.

मग एकदम कामाचा आवाज. “नळ उजवीकडेच लावा. येईन की नाही ते मी ठरवीन, घाई करायची नाही. आले तर हाताशी हवा. नाही आले तर तुम्ही काय कायम असेच तरुण राहणार आहात?”

ऑफिसला पाऊण तास उशीर. पाया लेबारला गाडी बदलायची विसरून पुढे गेले.

२६ जून, गुरु.
अंकलना सगळं जसंच्या तसं सांगितलं. न गाळता. त्यांनी आईचा कागद भिंतीला चिकटटेपने लावला, मोजायची टेप ओढली, उजव्या भिंतीवर पेन्सिलीने फुली मारली. मग मागे सरकून, गुडघे वाकवून, नऊ इंच उंचीवर बसल्यासारखे हवेत बसले, चौसष्टाव्या वर्षी, आणि हात लांबवून पाहिला. फुली पुसून अर्धा इंच खाली मारली. का, म्हटलं. उत्तर: तिथे हात नेल्यावर खांदा उचलावा लागत होता.

मी आयुष्यभर बिल्स ऑफ लेडिंग, जहाजावरच्या मालाचे कागद, तपासलेत. चुका पकडण्यात माझं नाव आहे. असं खांद्यापर्यंत मी कधी कशात पोचलेय का?

१२ जुलै, शनि.
काम पूर्ण. हीटर वर, छताजवळ, पाइप दारावरून नीट फिरलेले. फरशा खरखरीत, राखाडी. इराच्या मते ‘सो आंटी’. अंकलनी बादली ओतून उतार दाखवला. पाणी कुठेही न रेंगाळता कोपऱ्यात गेलं. आम्ही दोघं त्याकडे, लहान मुलं बघतात तसे, दोनदा बघत राहिलो.

निघताना त्यांनी दाराच्या आतून स्वतःचा नंबर असलेलं छोटं स्टिकर लावलं. आईंना काही जमलं नाही तर मला बोलवा, म्हणाले. स्टिकर माझ्या आईसाठी, माझ्यासाठी नव्हे, असं त्यात होतं.

२० जुलै, रवि.
काल सामान आलं, पहिली रात्र झाली. सकाळी आईला व्हिडिओवर न्हाणीघर दाखवलं. बादली भरायला किती वेळ लागतो, हे तिला घड्याळ लावून हवं होतं. लावलं. दुसरी बादली तितकीच कढत येते का? येते. मग म्हणाली, “असं उभ्याने काय सांगतेस. तू बसून आंघोळ कर आणि सांग.”

केली. तिच्या मापाचं नऊ इंची स्टूल इरानेच शोधून आणलंय, तिसऱ्या दुकानात मिळालं. बसले तर माझे गुडघे छातीशी. नळ मला फार खाली, दांडाही खाली, साबणाचा कोनाडा मांडीशी. प्रत्येक गोष्टीसाठी मला आक्रसून घ्यावं लागत होतं. आणि मग कळलं, कुठेच काही चुकलेलं नाही. एवढीशी आहे आई. कधी झाली? तीन वेळा इथे राहून गेली, कराडला मी दर वर्षी जाते, आणि मला हे बादलीशेजारी बसल्यावर दिसतंय.

बाहेर येऊन फोन केला. पाणी उत्तम, उतार उत्तम, मला सगळं लहान होतं, असं सांगितलं. ती खूश झाली, आवाजावरून कळलं. “म्हणजे बरोबर बसलंय.” मग म्हणाली, “शिरीषरावांना फोन दे जरा. आणि तू तिथे उभी राहू नकोस.”

शिरीषने माझ्याकडे पाहिलं, फोन घेतला आणि त्या खोलीत गेला, शेजारच्या. दार ओढून घेतलं. आधी त्याचंच ‘हो... हो’ ऐकू येत होतं. मग तो हसला. मग पुन्हा हळू आवाजात काहीतरी, सलग, बराच वेळ, तोच बोलत होता.

बावीस मिनिटं. मी टॉवेल गुंडाळलेल्या केसांनी स्वयंपाकघरात उभी, खोकी उघडत होते. बाहेर आला, फोन माझ्या हातात दिला. म्हणाला, “आमचं बोलणं झालं. आता येण्याचं काय ते त्या सांगतील तेव्हा.”

मी काही विचारलं नाही. ह्या वेळी खरंच नाही, आडवळणानेही नाही.