बाबांच्या डोक्याला तेल

बुधवार, सुरत

तेल लावू नको म्हणून आईला कितीदा सांगितलं, तरी आज लावलंच. वर मलाच ऐकवते, "पाव्हणे यायचे नि तुझ्या बापाचं डोकं पिंजारलेलं ठेवू काय रे?"

पाव्हणे म्हणजे शहापूरची मशीनवाली ताई. लकव्यानं बाबांचे हातपाय गेले, बोलणं गेलं, पापणीपण मनासारखी हलत नाय. ताई त्यांना तारांची टोपी घालते. बाबांनी नुसत्या मनात उजवी मूठ आवळली की मशीन 'हो' दाखवतं, डावी आवळली की 'नाही'.

मी फोनवर ऐकत होतो, मशीनचं उत्तर ताई वाचून सांगत होती. आईनं पहिलंच माझं विचारलं, "संतोषला घरी बोलवू का?"

नाही.

हातातली भाकर हातातच राहिली. शिमग्याला भांडून निघालो, ते अजून धरून बसलेत? बोलणं गेलं, पण राग नाय गेला?

आईनं विचारलं, "बरं, चहा देऊ?"

नाही.

बाबा आणि चहाला नाही? मी ओरडलो, "ताई, मशीन बिघडलंय!" तिनं टोपी काढून बघितली. डोकं तेलानं चपचपीत, तारांना काही समजतच नव्हतं, मशीन आपलं उगाच 'नाही' दाखवत होतं.

आई म्हणते, "चांगलं खोबरेल होतं गो!"

ताई उद्या परत विचारणार, धुतलेल्या डोक्यानं. पण तेव्हापण नाहीच आलं तर? आज निदान तेलाला दोष देता आला.

जाऊ दे. गाडीभाडं बाजूला काढून ठेवलंय. आईला शाम्पूसाठी पाठवतोय, वीस रुपये.