मोकळ्या जोडीची खोली

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, माझ्यामागे भांडणे होऊ नयेत म्हणून हा कागद स्वखुशीने, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शेजारच्या डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे आणि माझ्या नणंदेने त्या दाखल्यावर शंका घेतली आहे. कोणाचा दबाव नाही, घाई तर मुळीच नाही. याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. याआधी एकही केलेले नाही, पण वकीलसाहेब म्हणतात, वाक्य असलेले बरे.

१. बँकेत जे काही असेल ते मुलगा आणि मुलगी यांनी सारखे वाटून घ्यावे. यात वाद घालण्याइतके ते नाहीच.

२. शाळेच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर मिथेनचा रेणू रंगवलेला आहे. मध्ये कार्बन, चार बाजूंना चार हायड्रोजन, बेरजेच्या चिन्हासारखा सपाट. माझी रजा साधून चित्रकलेच्या सरांनी तो काढला. परत आल्यावर मी त्यांना फुगे बांधून दाखवले. दोन फुगे एकत्र बांधले तर सरळ रेषेत बसतात, तीन बांधले तर त्रिकोणात. चौथा आला की सपाट राहायला कोणी तयार नसते. एक वर जातो आणि तिघे तिपाईसारखे खाली पसरतात. इलेक्ट्रॉनच्या जोड्याही अशाच एकमेकींपासून होता होईल तेवढ्या लांब सरकतात, त्यावरून रेणूचा आकार आधीच सांगता येतो. सर शांतपणे म्हणाले, "बाई, भिंतच सपाट आहे, मी काय करू?" त्यानंतर मी निवृत्तीपर्यंत त्यांच्याशी कामापुरतेच बोलले. उत्तर चांगले होते, हाच राग. त्यांना माझा फुगे भरायचा पंप द्यावा.

३. कापडी रेणूंचा संपूर्ण संच, ट्रंकेसह, शाळेला द्यावा. लाकडी संच शाळेकडे मागितला की 'पुढच्या वर्षी बघू' असे उत्तर यायचे. शेवटी माझ्या नणंदेने, जी शिवणकाम करते, गिऱ्हाइकांच्या उरलेल्या चिंध्यांचे गोळे शिवून दिले. एकमेकांना टिचबटणांनी जोडायचे. बटण कुठे लावायचे यावरून आमची भांडणे झाली, पण एकही बटण आजवर निघालेले नाही.

पाण्याच्या रेणूबरोबर दोन जाड उशा आहेत, त्या हरवू नयेत. पाण्यात एका ऑक्सिजनला दोन हायड्रोजन. दरवर्षी निम्मा वर्ग त्यांची सरळ रेघ काढतो, कारण मुले जोडलेले तेवढेच मोजतात. ऑक्सिजनपाशी आणखी दोन जोड्या असतात, कोणाशीच न जुळलेल्या, मोकळ्या. चित्रात कोणी त्या काढत नाही, पण जागा सगळ्यात जास्त त्याच घेतात आणि बाकीच्यांना रेटतात. म्हणून पाण्याचा रेणू वाकलेला असतो. मी मोकळ्या जोडीसाठी मोठी उशी मागितली तेव्हा नणंद म्हणाली होती, "जी कोणाशी जुळत नाही तिलाच मोठी उशी? बरंय बाई तुझं शास्त्र."

४. आता घर. ते यजमानांनी आणि मी बांधले; ते गेल्यापासून माझ्या नावावर आहे. मागच्या महिन्यात मुलगा आणि मुलगी दोघे मिळून नकाशा घेऊन आले. इतके गुण्यागोविंदाने आले की मला संशयच आला. वरचा मजला त्याचा, खालचा तिचा, आणि मधल्या खोलीतून जिना. मधल्या खोलीत त्यांची आत्या राहते. मी विचारले, आत्याचे काय? दोघे एकाच सुरात म्हणाले, "आत्या आहेच की आपली." कुठे आहे, ते नकाशात सापडेना.

पोरे वाईट नाहीत. पण मी शाळेत असताना यांना न्हाऊमाखू कोणी घातले? यांना झोप यायची ती शिवणयंत्राच्या आवाजाने. आणि दोघांनाही पाण्याच्या आकाराच्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मीच दिले होते! ते परत घेता येत नाहीत, याचे मला वाईट वाटते.

नणंद माझी फटकळ आहे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने न विचारता माझी बाही उसवून पुन्हा शिवली, कारण तिला ती बघवेना. पण या घरात ती अजून पाहुणीच आहे. 'भावाचं घर' म्हणते. परक्याच्या भिंतीला भोक नको म्हणून खिळासुद्धा ठोकत नाही. कात्री दाराच्या कडीला अडकवते आणि दार उघडले की ती माझ्या पायावर पडते.

म्हणून असे ठरवते: वरचा मजला मुलाला, खालचा मुलीला. मधली खोली, तिच्या खिडकीसह, माझ्या नणंदेला ती असेपर्यंत. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर वापरायचा तिचा हक्क कोणी अडवू नये. तिच्या हयातीत तिच्या संमतीशिवाय घरात एक वीटही हलवू नये. जिना बाहेरून काढावा. घर जरा वाकडे दिसेल. दिसू दे. मला ती हवी आहे, माझ्यामागेही या घरात हवी आहे, आणि हे तोंडावर सांगायची माझी छाती नाही म्हणून इथे लिहिते.

सहीपूर्वी जोड: साक्षीदार म्हणून मी नणंदेलाच बोलावले. ती चष्मा पुसून सही करायला बसली, तर वकीलसाहेबांनी पेन काढून घेतले. ज्याला या कागदातून काही मिळते त्याने साक्ष करू नये, म्हणाले. हे मला सुचायला हवे होते. नणंद म्हणाली, "मला? मला काय मिळतंय?" मग वकीलसाहेबांनी कलम चार वाचून दाखवले. तिने ते परत एकदा वाचायला लावले. चष्मा पुन्हा एकदा पुसला. मग मला विचारले, "म्हणजे खिळा ठोकू?"

५. हातोडी नणंदेला. तिने ती नेलीच आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. सह्या करताना मधल्या खोलीतून ठोकाठोक चालू असल्याने अक्षर हलले आहे. ते माझेच समजावे.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार १: (सही) शेजारचे डॉक्टर
साक्षीदार २: ~~नणंद~~ (सही) चित्रकलेचे सर, निवृत्त, पंप रद्द
ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: ९ जुलै २०२४